पानावरची फवारणी आणि रोपाची तहान

"पानी मुयले लागस भो, पानले नही."

पाठीवर पंप अडकवून मी टेकडी चढत होतो, तेव्हा बांधावर बसलेले नाना मला हे म्हणाले. ऑगस्टचे दिवस होते, पावसाने दडी मारून दोन आठवडे होत आले होते, आणि जुलैत लावलेली कडुनिंबाची, सीताफळाची, चिंचेची रोपं माना टाकायच्या बेतात होती. पारोळ्याच्या अंगाला असलेली आमची ही टेकडी बरड आहे. वर वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम. टँकर वर चढत नाही. नानांना वाटलं, हा मुलगा पंधरा लिटर पाण्यात शेकडो रोपांची तहान भागवायला निघालाय.

नानांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. झाड पाणी पितं ते मुळांनीच. पानावर उडवलेल्या पाण्यातलं झाडाच्या पोटात जातं ते अगदी नगण्य. मग पाऊस नसताना पानांवर फवारणी करायची तरी कशासाठी? हा प्रश्न मला टेकडीवर येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फवारणीने रोपाला पाणी मिळत नाही. रोपाकडे आहे ते पाणी खर्च कसं होतं, त्यावर फवारणीचा परिणाम होतो. ती रोपाला मुदत मिळवून देते. चार दिवस, आठ दिवस, कधी थोडे जास्त. तेवढ्यात मुळी खाली उतरली किंवा पाऊस परतला, तर रोप वाचतं.

आधी रोप मरतं कसं ते बघू. रोपवाटिकेतली पिशवी आठवा. शेडनेटची सावली, रोज झारीने पाणी, वाऱ्याला आडोसा. अशा लाडात वाढलेल्या रोपाची पानं मोठी, पातळ आणि लुसलुशीत होतात. मुळ्या मात्र पिशवीतल्या मातीच्या गोळ्यातच गोल गोल फिरत राहतात. ते रोप आपण जुलैत खड्ड्यात लावतो. पुढचे काही आठवडे त्याचं सगळं जग त्या गोळ्याएवढंच असतं. आजूबाजूच्या मुरुमात मुळी शिरलेली नसते. पावसाची उघडीप झाली की तेवढा गोळा बघता बघता कोरडा पडतो, आणि पानं तर रोपवाटिकेतल्याच सवयीने पाणी उडवत बसतात. मिळकत बंद आणि खर्च पहिल्यासारखाच, असा तो मामला. धुळे, शिंदखेडा या पट्ट्यात वर्षाचा पाऊसच ५०० ते ६०० मिलिमीटरच्या घरात, सह्याद्रीच्या आडोशाला असल्याने तोही खंड पाडत पडणारा. मे महिन्यात तापीच्या खोऱ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि आपण सगळे उन्हाळ्यालाच दोष देतो. पण माझ्या पाहण्यात बरीच रोपं उन्हाळा बघतच नाहीत. ती पहिल्या उघडिपीतच जातात.

पान पाणी खर्च करतं म्हणजे नेमकं काय, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. सकाळी नऊच्या सुमारास लिंबाच्या नाहीतर जांभळाच्या एखाद्या पानभरल्या फांदीवर पारदर्शक प्लॅस्टिकची कोरडी पिशवी चढवा आणि तोंड सुतळीने घट्ट बांधा. अर्ध्या तासात पिशवी आतून धुरकट होते. तासाभराने थेंब जमतात आणि ओघळून कोपऱ्यात साचतात. हे पाणी मुळांनी जमिनीतून ओढून आणलेलं होतं. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी झाड असं हवेत सोडून देतं. वाढीसाठी वापरलं जातं ते उरलेलं थोडंसं.

ही उधळपट्टी वाटेल, पण झाडाचा इलाज नसतो. पानावर, विशेषतः त्याच्या खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. झाडाला अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो याच छिद्रांतून आत येतो. वायू आत घ्यायला दार उघडलं की आतली ओल बाहेर जाणारच. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन पेशी असतात, ओठांसारख्या. या रक्षक पेशींमध्ये पोटॅशियम भरलं की पाठोपाठ पाणी शिरतं, त्या फुगतात आणि दार उघडतं. पोटॅशियम बाहेर पडलं की पाणीही जातं, पेशी सैल पडतात आणि दार मिटतं.

दार मिटायचा हुकूम देणारं रसायन झाड स्वतःच बनवतं. त्याचं नाव ॲबसिसिक आम्ल. आपल्याकडच्या शेतकऱ्याला याचं जास्त अप्रूप वाटायला हवं, कारण १९६३ साली ते वेगळं काढण्यात आलं ते कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून. कॅलिफोर्नियातले संशोधक बोंडं का गळतात याचा शोध घेत होते. पुढे लक्षात आलं की या रसायनाचं मोठं काम दुसरंच आहे. पाणी कमी पडू लागलं की ते पानात वाढतं आणि पर्णरंध्रं बंद करतं. म्हणजे तहान लागली की झाड आपण होऊन हात आखडता घेतं. लाडावलेल्या कोवळ्या रोपाला तो कधी आखडायचा हे उशिरा कळतं, इतकंच.

मग आपणच बाहेरून दारं बंद करून टाकली तर? हा विचार जुना आहे. पानावर मेणासारखा किंवा प्लॅस्टिकसारखा पातळ थर बसवणारी बाष्परोधकं बाजारात मिळतात. थंड मुलखात, सावलीत, रोपांची वाहतूक करताना ती उपयोगी पडतात. खानदेशातल्या उघड्या माळावर मात्र मी ती वापरत नाही, आणि त्याचं कारण घरातल्या माठात आहे. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं. त्याच माठाला बाहेरून ऑइल पेंट मारला तर पाझर थांबेल, पाणी वाचेल, पण ते गार होणार नाही. पानाचंही तसंच आहे. पाणी उडतं तेव्हा पान थंड राहतं. रणरणत्या उन्हात पाझर पूर्ण बंद केला तर पाणी वाचेल आणि पान भाजेल. शिवाय दार बंद म्हणजे कार्बन डायऑक्साइडही बंद, आणि वरून ऊन तर चालूच. त्या उन्हाची शक्ती अन्न करण्यात खर्ची पडत नाही, तेव्हा ती पानाच्या आत घातक रूपातला ऑक्सिजन तयार करते आणि हिरवा रंग करपवते. दुष्काळात पानं पिवळी, पांढुरकी पडतात त्यामागे हेही एक कारण असतं.

म्हणून आपल्या मुलखाला मला जास्त पटलेला उपाय म्हणजे केओलिन. ही एक प्रकारची पांढरी, अतिशय बारीक चिकणमाती. चिनी मातीच्या भांड्यांसाठी वापरतात तीच जात, फक्त फवारणीसाठी शुद्ध करून दळलेली. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी फळबागांसाठी तिचं तंत्र बसवलं. आपल्याकडे डाळिंबाची फळं उन्हाने चट्टे पडून खराब होऊ नयेत म्हणून बागायतदार ती मारतात. केओलिन दार बंद करत नाही. ते पानाच्या वरच्या अंगावर पांढरा थर बसवतं आणि ऊन परतवून लावतं. शेतात जाताना आपण डोक्यावर पांढरं उपरणं घेतो, तसंच हे. पान कमी तापतं, म्हणून पाणीही कमी उडवतं. खालची छिद्रं मोकळी राहतात, त्यामुळे श्वास चालू राहतो. थरामुळे थोडा प्रकाश कमी होतो हे खरं, पण आपल्या दुपारच्या उन्हात पानाला वापरता येतो त्याहून कितीतरी जास्त प्रकाश असतो, त्यामुळे तो तोटा झेपतो.

केओलिन कालवणं हे मात्र निगुतीचं काम आहे. फळझाडांसाठी कृषी सल्ल्यात ८ टक्क्यांपर्यंतचं प्रमाण सांगतात. कोवळ्या रोपांना मी ५ टक्क्यांवर थांबतो, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम. एवढी पावडर एकदम पंपात ओतली तर गुठळ्या होतात आणि नोझल तुंबतं. मी आधी बादलीत थोड्या पाण्यात ती ताकासारखी घुसळून घेतो, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून पंपात सोडतो. बरोबर थोडं स्टिकर, म्हणजे फवारा पानाला चिकटून राहावा म्हणून मिसळतात ते द्रावण. फवारताना चार-सहा रोपं झाली की पंप हलवायचा, कारण माती तळाशी बसते आणि शेवटच्या रोपांना नुसता गाळ मिळतो. तोंडाला रुमाल हवाच, ही धूळ छातीत जायला नको. वाळल्यावर रोप भस्म फासल्यासारखं दिसतं. दुपारी दोन वाजता फवारलेलं एक पान आणि शेजारच्या रोपाचं न फवारलेलं एक पान, दोन्ही बोटांच्या चिमटीत धरून बघा. फरक हाताला कळतो. जोराचा पाऊस आला की थर धुऊन जातो आणि नवी पालवी उघडीच असते, तेव्हा परत मारावं लागतं. पण पाऊस आला म्हणजे गरजही टळलीच.

दुसरी वाट रोपाला आतून तयार करण्याची. सॅलिसिलिक आम्ल हे नाव अवघड वाटेल, पण डोकेदुखीवरची ॲस्पिरिन याच घराण्यातली. वाळुंजाच्या जातीच्या झाडांवरून त्याला हे नाव पडलं आणि झाडं स्वतः ते थोडं थोडं बनवतात. झाडाच्या दृष्टीने तो धोक्याचा इशारा आहे. बाहेरून अगदी कमी मात्रेत तो मिळाला की रोप आधीच सावध होतं. करपवणाऱ्या ऑक्सिजनचा निचरा करणारी यंत्रणा वाढवतं, पेशींमध्ये पाणी धरून ठेवणारे प्रोलिनसारखे पदार्थ साठवतं. पुढे खरी ताण पडण्याची वेळ येते तेव्हा ते बेसावध नसतं. मात्रा मात्र औषधासारखीच जपायची. मी १५ लिटरला १ ते दीड ग्रॅम घेतो, म्हणजे लिटरला जेमतेम १०० मिलिग्रॅमपर्यंत. किराणा दुकानातल्या काट्यावर हे वजन होत नाही. जळगाव सोन्याची पेठ आहे, आमच्याकडे गावोगावी ओळखीचा सराफ असतो. मी त्याच्या काट्यावर दीड-दीड ग्रॅमच्या पुड्या बांधून आणतो. ही पावडर थंड पाण्यात नीट विरघळत नाही, वर तरंगत राहते. आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि मग पाण्यात मिसळायची. हातमोजे घालायचे. जास्त मात्रा झाली तर तेच आम्ल पानाला पोळतं.

पोटॅश सगळ्यांच्या ओळखीचं. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, पावसाच्या खंडात कापूस-सोयाबीनवर लोक एक टक्का मारतातच. रक्षक पेशी पोटॅशियमवर चालतात हे वर आलंच आहे. रोपाला ते कमी पडलं तर दारं धड उघडत नाहीत आणि वेळेवर मिटतही नाहीत. पण एक टक्का हे प्रमाण मोठ्या पिकाचं आहे. पहिल्या वर्षी मी तेच प्रमाण लिंबाच्या कोवळ्या रोपांवर मारलं, तेही सकाळी अकरा वाजता. फवारा वाळत गेला, क्षार पानावर घट्ट होत गेले आणि दोन दिवसांत पानांच्या कडा तपकिरी होऊन वळल्या. तेव्हापासून रोपांना अर्धा टक्काच, १५ लिटरला ७५ ग्रॅम. युरियाची फवारणी या काळात टाळलेलीच बरी. नत्राने नवी लुसलुशीत पालवी फुटते, म्हणजे पाणी मागणारी तोंडं वाढतात.

समुद्री शेवाळाचा अर्क, सिलिकॉन, ग्लायसिन बीटेन ही नावंही दुकानात ऐकू येतात. त्यांच्यामागे विज्ञान आहे आणि काही पिकांवर चांगले अनुभवही आहेत. पण बाटलीत नेमकं काय आणि किती, हे लिहिलेलं नसेल तर पैसे टाकू नका. शेवाळाच्या अर्कासारखी वाढीला चालना देणारी उत्पादनं, म्हणजे जैव उत्तेजकं, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यामुळे घटक छापलेले मागण्याचा आपल्याला हक्क आहे. ॲबसिसिक आम्लाचीच फवारणी का नाही, असंही कोणी विचारतं. ते महाग आहे आणि उन्हात लवकर विघटन पावतं. आपल्या टेकडीला ते परवडणारं नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. सॅलिसिलिक आणि पोटॅश पानात शिरायला हवेत, म्हणून फवारा पानाच्या खालच्या बाजूलाही पोचवायचा, आणि सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर मारायचा, म्हणजे पान जास्त वेळ ओलं राहतं. केओलिन वरून पांघरायचं आहे, ते सगळ्यात शेवटी, एक-दोन दिवसांच्या अंतराने. आधी पांघरूण घातलं तर बाकीचं आत जाणार नाही. तिन्ही एकाच पंपात मिसळायचा मोह होतो, तो आवरा.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेळेची होते. रोप सुकल्यावर लोक पंप काढतात. तोवर उशीर झालेला असतो. कोमेजलेलं पान फारसं काही शोषत नाही, दारं मिटलेली असतात आणि रोपाकडे नवे पदार्थ बनवायला ताकद उरलेली नसते. सावध करायचं तर ते संकटाआधी. मी पहिली सॅलिसिलिकची फवारणी रोपवाटिकेतच करतो, लावणीच्या आठ-दहा दिवस आधी. त्याच्याही आधी तीन-चार आठवडे रोपांना काटक करायला घेतो. शेडनेट हळूहळू सरकवायची, रोजचं पाणी दिवसाआड, मग दोन दिवसाआड, पान किंचित मलूल झालं की द्यायचं. अशी रोपं ठेंगणी दिसतात, पानं जाड आणि गडद होतात. गिऱ्हाईक उंच रोप मागतं, पण टेकडीवर हेच टिकतं. हे केलं नसेल तर नंतरच्या कुठल्याही फवारणीवर मी फार भरवसा ठेवणार नाही. दुसरी फवारणी लावणीनंतर पाऊस थांबून चार-पाच दिवस झाले आणि आभाळ निरभ्र दिसलं की, माती अजून ओलसर असतानाच. तिसरी वेळ फेब्रुवारीच्या शेवटी, होळीच्या आधी, तेव्हा मुख्यतः केओलिन.

रोपाला फवारणी हवी की पाणी, हे ओळखायला एक खूण आहे. दुपारी मान टाकलेलं रोप बघून घाबरू नका. संध्याकाळी किंवा रात्रीतून ते सावरलं तर मुळांकडे अजून पाणी आहे, खर्च फक्त मिळकतीहून वेगाने होतोय. इथे फवारणी कामाची. सूर्य उगवायच्या आधी जाऊन बघा. रात्रभर दारं मिटलेली असूनही रोप पहाटे मलूलच असेल, तर माती कोरडी पडली आहे. तिथे पंप ठेवून द्या आणि घागर उचला. दोन लिटर पाणी खोडाशी हळूहळू मुरवलं आणि वर केळीची वाळलेली पानं किंवा गवत अंथरलं, तर त्याची बरोबरी कुठलंही रसायन करणार नाही. रावेर-यावलकडे केळीची पानं ढिगाने पडलेली असतात, ती आणायला भाडं तेवढं लागतं.

सगळ्या झाडांना सारखंच काही लागतं असंही नाही. अंजनाचं रोप आधी मुळीच खाली खाली नेत राहतं, वर वर्षभर काही घडताना दिसत नाही. धुळ्याकडच्या कोरड्या डोंगरांवर अंजन उभा आहे तो त्या मुळीवर. त्याच्या वाटेला मी जात नाही. सीताफळ पानं गाळून मोकळं होतं. कडुनिंब आणि चिंचेला पहिल्या उघडिपीत आधार लागतो. लिंबू, आंबा यांना पहिले दोन उन्हाळे जपावं लागतं. आणि साग म्हणाल तर त्याचं पान सुपाएवढं, कोवळेपणी फार पाणी पिणारं. म्हणून वनखात्याची माणसं पूर्वीपासून सागाची जडी लावतात. वर्षाच्या रोपाचा शेंडा तोडायचा, सगळी पानं काढायची आणि बोटभर खोड ठेवून नुसती मुळी रोवायची. पानच नाही तर खर्च कुठला? पाऊस लागला की मुळी धरते आणि मग नवं पान फुटतं. फवारणीमागचा सगळा विचार या एका जुन्या रीतीत आहे. आपण पान तोडत नाही, त्याला काही दिवस काटकसर करायला लावतो.

एक ओळ मात्र दरवर्षी न फवारता सोडा. त्याच मातीत, त्याच दिवशी लावलेली, बाकी निगा तीच. ती नसेल तर रोपं जगली ती पंपामुळे की वेळेवर आलेल्या पावसामुळे, हे कधीच कळत नाही. नानांना मी तीच ओळ दाखवली. त्यांनी दोन्ही ओळींतली पानं चिमटीत धरून बघितली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फवारलेल्या ओळीतलं एक मेलेलं चिंचेचं रोप उपटून माझ्या हातात दिलं. मुळ्या पिशवीच्या आकारात गोल वळलेल्या होत्या, गोळ्याबाहेर एकही गेली नव्हती. त्याच्यावर काहीही फवारलं असतं तरी ते जगलं नसतं. यंदा लावणीच्या वेळी पिशवी फाडल्यावर गोळ्याच्या तळाशी वळलेल्या मुळ्या ब्लेडने कापायचं काम नानांनी स्वतःकडे घेतलं आहे.